अबोल्यातलं तेल

भिंगताईशी भांडण काढायचं असेल तर माणसाने आधी जेवून घ्यावं, असं तिच्या गल्लीतले लोक म्हणत. कारण ते लवकर आटपायचं नाही. बाईला राग यायचा तो झणझणीत, आणि गेला गेला म्हणेपर्यंत कळायचं की तो गेला नव्हता, नुसता पाणी प्यायला उठला होता. चष्म्याची भिंगं घासून फ्रेममध्ये बसवून देणं हा तिचा धंदा. गावातले सगळे चष्मेवाले तिच्याकडे काम पाठवत. तिचं खरं नावही काहीतरी असणारच, पण ते वापरायची वेळ कुणावर आली नाही.

घराच्या तळमजल्यावर पुढची खोली तिची. खिडकीखाली घासायचं यंत्र, त्याच्या बाजूला पाण्याची वाटी, भिंतीला मऊ फडक्यांची दोरी. धुळीचा एक कण भिंगाखाली सापडला की ओरखडा आलाच आणि भिंग गेलंच, म्हणून त्या खोलीत चपला घालून कुणाची यायची टाप नव्हती. एकदा एक चष्मेवाला बोलता बोलता बुटांसकट आत आला, तर हिने त्याला बोलता बोलताच बाहेर काढला आणि पुढचं सगळं बोलणं उंबऱ्यावर उरकलं.

आणि दैवाची गंमत बघा, अशा बाईचा धाकटा भाऊ धुळीशिवाय जगू न शकणारा. त्याला ती लहानपणापासून धुरळ्या म्हणायची. मोठा झाला, पाणीपुरवठ्याच्या टाक्यांवर नोकरीला लागला, लग्न झालं, तरी धुरळ्याच. आठवडाभर पाण्यात आणि रविवारी मातीत, असा त्याचा हिशेब. रविवार उजाडला की तो आपली जुनी डर्ट बाइक काढायचा आणि गावामागच्या बंद खाणीच्या टेकडीवर दगडगोट्यांतून चढवायचा. दुपारी परत यायचा तेव्हा भुवयासुद्धा ओळखू येत नसत.

आता ही गाडी त्या घरात आणली कुणी? तर खुद्द भिंगताईने! आई गेली तेव्हा धुरळ्या अगदी पोरसवदा होता. त्याने बोलणंच टाकलं. खायचा, झोपायचा, भिंतीकडे बघत बसायचा. ताईने समजावून बघितलं, रागावून बघितलं, शेवटी खाण बंद पडली तेव्हा तिथल्या पहारेकऱ्यांची एक भंगार गाडी हातगाडीवर घालून घरी आणली आणि त्याच्यासमोर टाकली. म्हणाली, "ही चालू करून दाखव." तेव्हाही ती गाडी जुनीच होती. आता तर तिच्या वयाच्या गाड्या लोक चित्रातच बघतात. तिचे सुटे भाग शोधण्यासाठी धुरळ्याला आधी पत्रं लिहावी लागली, मग दुकानदारांशी बोलावं लागलं, मग भांडावंही लागलं. असं करत करत पोरगं माणसांत आलं. म्हणजे भिंगताई ज्या गाडीला उठता बसता अवदसा म्हणायची, ती तिनेच उंबऱ्याच्या आत घेतलेली. आपलेच दात, आपलेच ओठ.

फिल्टरचं काम पहिल्यापासून ताईचं. सीटखाली एक डबा असतो, त्यात स्पंजाचा फिल्टर. इंजिन हवा ओढतं ती त्यातून गाळून. जुना स्पंज हात लावताच पिठासारखा भुगा झाला होता, तेव्हा मोठ्या गाडीचा फोम आणून, कापून, चिकटवून तिने नवा बेतला. धूळ अडवायची म्हटल्यावर तिच्याहून कडक पहारेकरी कोण मिळणार? आधी रॉकेलमध्ये धुवायचा, मग साबणाच्या पाण्यात. पिळायचा मुळीच नाही, फाटतो. दोन तळहातांत धरून दाबायचा. सावलीत वाळवायचा. मग चिकट तेल घालून कणकेसारखा मळायचा, सगळीकडे सारखं तेल लागलं की पुन्हा दाबून दाबून जास्तीचं काढून टाकायचं. तेल कमी पडलं तर धूळ आत जाते, तेल जास्त झालं तर हवाच जात नाही. शेवटी कडेला ग्रीस. हे सगळं ती तोंडाने शिव्या देत आणि हाताने लाड करत करायची.

लग्न झाल्यावर धुरळ्या म्हणाला, "ताई, आता फिल्टर मी बघत जाईन, तुला कशाला त्रास." ताईला ते लागलं, पण बोलली नाही. आणि हा पठ्ठ्या मुलखाचा चालढकल्या! एका रविवारी उशीर झाला म्हणून त्याने फिल्टर धुतला, झटकला आणि तेल न लावता तसाच कोरडा बसवून निघाला. कोरड्या स्पंजातून धूळ चाळणीतून पीठ पडावं तशी आत गेली. टेकडी उतरताना इंजिन जागच्या जागी आवळलं, मागचं चाक थाडकन थांबलं आणि धुरळ्या गाडीवरून उडाला. गळ्याजवळचं हाड मोडलं. डोकं दगडापासून वीतभर लांब पडलं.

इस्पितळाच्या बाकड्यावर भिंगताई आणि भावजय एकमेकींचा हात धरून बसल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, काही काळजी नाही. तेव्हा ताई आत गेली आणि खाटेजवळ उभी राहून म्हणाली, "ती गाडी विकून टाक. नाहीतर माझ्याशी बोलू नकोस."

धुरळ्या औषधाच्या गुंगीत होता. तो म्हणाला, "बरं."

दोन्हींपैकी कशाला बरं म्हणाला ते त्यालाही ठाऊक नसावं. पण हाड जुळल्यावर त्याने इंजिन खोललं, पुन्हा उभं केलं, आणि ताईने काय ते समजून घेतलं. अबोला सुरू झाला.

एका घरातला अबोला म्हणजे सगळा भार मधल्या माणसावर. भावजय बेकरीत कामाला होती. दिवसभर भट्टीची धग सोसून यायची आणि रात्री जेवताना या दोघांची. तिघं एकाच टेबलाशी बसत.

"त्याला सांग, गरम पाणी संपवू नकोस म्हणावं."

"तिला सांग, मी आज अंघोळच केलेली नाही."

"ते दिसतंय म्हणावं."

"अहो, मी काय टेलिफोनची तार आहे का?" भावजय कळवळून म्हणायची. "ताई, बोला ना एकदा. ते मनातून झुरतात हो."

"झुरू दे. वजन कमी होईल," ताई म्हणायची आणि ताट उचलायची. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, त्यातली ती.

पण हेच ते घर, आणि हीच ती बाई, की शनिवारी भावजय बेकरीत आणि धुरळ्या टाक्यांवर गेला की जिन्याखालच्या खोपटात शिरायची. गाडीचं बाजूचं झाकण काढायची, फिल्टर बाहेर घ्यायची. तो असायचा धुळीने आणि तेलाने लडबडलेला, नुसता चिखल. "चिखलात लोळतोस रे मेल्या," असं रिकाम्या सीटला सांगत ती तो धुवायची, मागच्या बाजूला कुणाला दिसणार नाही असा टांगायची, दुपारी मळून, दाबून पुन्हा बसवायची. ओरडून त्याला थांबवता येत नव्हतं. मग निदान इंजिन आवळून तरी तो पडू नये, एवढं तिच्या हातात होतं. झाकणाचा स्क्रू घट्ट करताना ती दर वेळी म्हणायची, "सांभाळ गं त्याला." कुणाला म्हणायची? आईला म्हणा, गाडीला म्हणा. तिनेही कधी विचारलं नाही स्वतःला.

काही महिने असे गेले आणि गाडी कुरकुरायला लागली. घरून निघताना ठणठणीत, पण टेकडीचा चढ लागला की गुदमरायची. काळा धूर, फटफट, आणि बंद. धुरळ्याने प्लग बदलला, कार्ब्युरेटर साफ केला. आठवड्यागणिक जास्तच. शेवटी त्याने मिस्त्रीला दाखवलं. मिस्त्रीने प्लग काढला, तो तेलाने काळा ठिक्कर.

"फिल्टर बघितलास?" मिस्त्रीने विचारलं.

"फिल्टरचं नाव नको काढू," धुरळ्या म्हणाला. "एकदा आयुष्याचा धडा मिळालाय. फिल्टर मी स्वतः बघतो."

"मग पिस्टन आणि रिंगा गेल्या असणार. या गाडीच्या आता कुठे मिळायच्या? म्हातारी झाली रे ती."

त्या रात्री जेवताना धुरळ्या बायकोला म्हणाला, "तिला सांग, गाडी विकतोय. जुन्या गाड्या जमवणारे एक गृहस्थ आहेत. रविवारी दुपारी येतायत." आणि हात धुवायला उठला.

भिंगताईचा घास हातातच राहिला. देव पावला म्हणायची ती वेळ! गेले कित्येक महिने ती हेच मागत होती. तिने घास तोंडात घातला खरा, पण गोड लागला नाही.

रविवारी सकाळी धुरळ्या शेवटची एक फेरी मारायला निघाला. एरवी तो गेला की ताई भांडी आपटत, खुर्च्या सरकवत मुद्दाम आवाज करायची, म्हणजे टेकडीवरचं काही ऐकायला नको. आज आवाज करायची तिला गरजच पडली नाही. तो लगेच परत आला, गाडी ढकलत. टेकडीच्या पायथ्याशीसुद्धा पोचला नव्हता. गाडी खोपटात लावून, मान खाली घालून तो जिना चढून गेला.

ताई खोपटात शिरली. जाणाऱ्या पाहुण्याची शेवटची वेणीफणी करावी, तसं काहीसं तिच्या मनात होतं. तिने झाकण काढलं, फिल्टरला हात घातला आणि दचकली. आज गाडी धुळीत गेलीच नव्हती, त्यामुळे स्पंजावर चिखल नव्हता. स्वच्छ स्पंज, आणि तेलाने थबथबलेला! उचलला तर धार लागली. डब्याच्या तळाशी तेलाचं डबकं. काल तिने तो इतका दाबला होता की हाताला नुसता ओशटपणा राहिला होता. मग एवढं तेल आलं कुठून?

तिने मागे वळून बघितलं. फळीवर तेलाची नवी बाटली, अर्धी संपलेली. तिची बाटली तर आत तिच्या कपाटात होती.

हात्तिच्या, घोडं इथे पेंड खातंय होय! दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. त्या पडण्यानंतर धुरळ्या तेलाला असा काही घाबरला होता की दर रविवारी पहाटे निघण्याआधी झाकण उघडून वरून भरपूर तेल ओतायचा, आणि दर वेळी मागच्यापेक्षा जास्तच. फिल्टर बाहेर काढणं नाही, उजेडात बघणं नाही, हात लावून अंदाज घेणं नाही. चालढकल्याची काळजीसुद्धा चालढकलीचीच! शनिवारचं तेल ताईचं, रविवारचं भावाचं. दोघांनी मिळून गाडीचा श्वास कोंडला होता. पिस्टनला धाड भरली नव्हती.

भिंगताईने फिल्टर जसाच्या तसा आत ठेवला. झाकण लावलं. आणि आपल्या खोलीत येऊन खुर्चीवर बसली.

आता सांगा, तुम्ही काय केलं असतं? तिने फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसण्यात तर ती महिनोन्महिने तरबेज झाली होती. दुपारी तो गृहस्थ येईल, गाडी जाईल, भाऊ घरी राहील. रविवारी दाढी करून पेपर वाचत बसेल. त्याचं डोकं कुठल्या दगडाजवळ पडणार नाही. कुणालाही, कधीही कळणार नाही. तिने एक भिंग घासायला म्हणून उचललं आणि तसंच खाली ठेवलं. देवा, मला एवढं तरी मिळू दे, ती मनात म्हणाली. मी काय वाईट मागतेय?

जेवण झाल्यावर तिने मागच्या दारातून बघितलं. धुरळ्या उकिडवा बसून गाडी पुसत होता. जुन्या ब्रशने चाकाच्या तारांमधली माती काढत होता. घाई नाही, चालढकल नाही. एक तार झाली की दुसरी. मध्येच थांबून तो नुसताच समोरच्या भिंतीकडे बघत राहिला. भावजय पाणी घेऊन आली, काहीतरी बोलली. त्याने उत्तर दिलं नाही.

ती भिंतीकडे लागलेली नजर ताईच्या ओळखीची होती.

गृहस्थ वेळेवर आले. नीटनेटके, हसतमुख, गाडीवर खरंच प्रेम करणारे. त्यांनी टाकीवरून हात फिरवला, किक मारली. गाडी सुरू झाली, फटफटली, काळा धूर ओकली आणि बंद पडली.

"इंजिन गेलंय," धुरळ्या म्हणाला. "आधीच सांगितलं होतं तुम्हाला."

"असू दे हो. मला कुठे चालवायचीय? काचेच्या कपाटात ठेवणार. मुलाबाळांनी बघायची." ते समजुतीने म्हणाले. "नीट ठेवीन, काळजी करू नका."

धुरळ्याने मान हलवली आणि किल्ली पुढे केली.

"त्याला सांग..." भिंगताई दारातून भावजयीला म्हणाली. सवयच पडलेली! मग तिचा तिलाच राग आला. "थांब रे! धुरळ्या, थांब. किल्ली देऊ नकोस."

भावजयीच्या हातातला चहाचा ट्रे हिंदकळला. धुरळ्या वळला. ताई तरातरा चालत आली, झाकण काढलं, फिल्टर बाहेर ओढला आणि सगळ्यांच्या देखत दोन तळहातांत दाबला. तेल फरशीवर सांडलं, ताईच्या पायांवर सांडलं.

"हे कधी ओतलंस?"

"सकाळी," धुरळ्या चाचरत म्हणाला. "दर रविवारी ओततो. पुन्हा कोरडा राहायला नको म्हणून."

"आणि शनिवारी कोण लावतं?"

"शनिवारी? शनिवारी कुणी नाही."

"मी लावते, गाढवा! धुऊन, वाळवून, मळून मी लावते. प्रत्येक शनिवारी."

भावजयीने ट्रे खाली ठेवला आणि कमरेवर हात घेऊन म्हणाली, "अति तिथे माती ती हीच! एकमेकांशी दोन शब्द बोलला असतात, तर बिचारी गाडी वाचली असती. आणि मीसुद्धा." ती हसायला लागली, आणि हसता हसता डोळे पुसायला लागली.

गृहस्थांनी परिस्थिती ओळखली. एक कप उचलून ते कुंपणापाशी जाऊन झाडं बघत उभे राहिले.

"ताई," धुरळ्या हळू आवाजात म्हणाला, "तू गप्प राहिली असतीस तर गेली असती ती. तुला तेच हवं होतं ना?"

"हवं होतं. खोटं कशाला बोलू? सकाळपासून मला माहीत आहे, आणि सकाळपासून मी गप्प बसलेय."

"मग?"

"मग काय मग!" ताईचा आवाज फाटला. "तू आई गेल्यावर बसला होतास तसा बसला होतास आत्ता. तसला भाऊ सांभाळून काय करू मी? कपाटात ठेवू? मला तू हवा आहेस. धुळीने माखलेला, वाद घालणारा, हा असा. भीती मला वाटणारच, रोज वाटते, तुझ्या मोडलेल्या हाडाचा आवाज मी ऐकला नाही तरी मला ऐकू येतो. ती भीती माझी आहे, मी बघून घेईन. पण पुन्हा वरून तेल ओतलंस तर तंगडी तोडीन."

धुरळ्याने पुढे होऊन तिचे तेलकट हात आपल्या हातांत घेतले. तिने हात सोडवून घेतले नाहीत.

मग दोघं खाली बसली. तिने फिल्टर जुन्या कपड्यात गुंडाळून पुन्हा पुन्हा दाबला, त्याने डबा पुसून काढला, नवा प्लग बसवला. दोघं एकदमच स्क्रूला हात घालायला गेली तेव्हा ती म्हणाली, "लाव तू." त्याने किक मारली. गृहस्थ परत आले, गाडीचा साफ झालेला आवाज ऐकला आणि म्हणाले, "ही काही कपाटात राहायची नाही हो." आणि निघून गेले.

"जाऊन येऊ?" धुरळ्याने विचारलं. हेल्मेट हातात होतं, घातलं नव्हतं. ती नको म्हणाली असती तर तो गेला नसता. तिलाही ते कळलं.

"जा," भिंगताई म्हणाली. "पट्टा घट्ट बांध."

गाडी गल्लीतून गेली. आवाज लांब गेला, मग टेकडीकडून पुन्हा येऊ लागला. दोघी अंगणात उभ्या राहिल्या. चढ सुरू झाला तसा आवाज जड झाला, आणि ताईने भावजयीचं मनगट घट्ट धरलं. ज्या आवाजाने एकदाचं कायमचं थांबावं म्हणून ती इतके महिने झुरली, तो आता मध्येच अडखळू नये म्हणून ती जीव मुठीत धरून ऐकत होती. आवाज अडखळला नाही. चढत गेला, वर पोचला आणि मोकळा झाला.

"चढले!" भावजय ओरडली. "ताई, चढले हो! चला आत, चहा पुन्हा करते."

भिंगताई रडत होती आणि लपवत नव्हती. तिने मान हलवली, पण जागची हलली नाही.

"तू जा, मी आहे इथे," ती म्हणाली. "उतरायचंय अजून त्याला."